दोन संघांच्या सिस्टर्सचं एक घर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराला लागून ग्रीनफील्ड नावाचं उपनगर आहे. तिथे 2011 साली ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ हे कॉन्व्हेंट सुरू झालं, तेही फक्त स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध सिस्टर्ससाठी, म्हणजे व्रतस्थ कॅथोलिक जोगिणींसाठी. एवढंच ऐकलं तर एक चांगलं शुश्रूषागृह, असं म्हणून आपण पुढे जाऊ. पण हे घर एका संघाचं नाही. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ आणि ‘स्कूल सिस्टर्स ऑफ सेंट फ्रान्सिस’ या दोन संघांनी मिळून ते उभं केलं.

यात नवल ते काय, असं बाहेरच्याला वाटेल. आपल्याला सगळ्या सिस्टर्स सारख्याच दिसतात. पण आतून पाहिलं तर प्रत्येक संघ हे स्वतंत्र कुटुंब असतं. त्याची संस्थापिका वेगळी, नियमावली वेगळी, घराण्याच्या आठवणी वेगळ्या. नोत्र दामचा संघ 1833 मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात करोलिना गेरहार्डिंगर यांनी स्थापन केला आणि 1847 मध्ये तो अमेरिकेत आला. सेंट फ्रान्सिसचा संघ 1874 मध्ये विस्कॉन्सिनमध्येच जन्मला. दोन्ही संघांचं काम मुलांना शिकवण्याचं. अठराव्या-विसाव्या वर्षी एखादी मुलगी यांतल्या एका संघात शिरली, की ती त्या संघाची झाली, ती मरेपर्यंत.

हे नातं नुसत्या मायेचं नाही, कायद्याचंही आहे. कॅथोलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेत ते स्पष्ट लिहिलं आहे. सिस्टर जे कमावते ते संघाचं, तिला पेन्शन मिळाली तर तीही संघाची. त्या बदल्यात तिला लागेल ते सगळं पुरवणं हे संघाचं कर्तव्य. सिस्टरने आपल्याच संघाच्या घरात राहावं, हाही नियम आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यांत आजारपणाची शुश्रूषा येते. परक्या संघाच्या छपराखाली म्हातारपण काढायला वाट मिळते ती या छोट्याशा अपवादातून.

ही वेळ आली कशी? 1965 च्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ 1 लाख 80 हजार सिस्टर्स होत्या. आज 40 हजारांहून कमी उरल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींनी सत्तरी ओलांडली आहे. पूर्वी तरुण सिस्टर्स म्हाताऱ्यांचं करायच्या, मग त्या म्हाताऱ्या झाल्या की पुढच्या त्यांचं करायच्या. पुढच्या आल्याच नाहीत. पैशाचीही ओढाताण होती. चर्चच्या शाळांत शिकवून मिळायचं ते तुटपुंजं मानधन, आणि सरकारी सोशल सिक्युरिटीचं दार या व्रतस्थ बायकांसाठी 1972 च्या कायद्याने उघडलं, तोवर निम्मं आयुष्य सरलं होतं. 1986 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने पहिल्या पानावर हे दारिद्र्य छापलं, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले. 1988 पासून दर डिसेंबरमध्ये तिथल्या चर्चमधून वृद्ध व्रतस्थांसाठी दानफेरी निघते.

पण मला या घराची ओढ वाटते ती पैशासाठी नाही, स्मृतीसाठी.

नोत्र दामच्या याच संघाने मेंदूविज्ञानाला फार मोठी देणगी दिली आहे. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने 1986 मध्ये मिनेसोटातल्या मॅनकेटो इथल्या सिस्टर्सपासून अभ्यास सुरू केला. पुढे त्यात 75 वर्षांवरच्या 678 जणी आल्या आणि प्रत्येकीने मृत्यूनंतर आपला मेंदू द्यायचं कबूल केलं. जेवण तेच, काम तेच, औषधपाणी तेच, विडी-सिगारेट नाही. त्यामुळे म्हातारपणी एकीचं डोकं लख्ख आणि दुसरीचं धूसर का, हे शोधायला अशी माणसं दुसरीकडे मिळणं कठीण. काहींनी ऐन विशीत, व्रत घेताना लिहिलेली छोटी आत्मचरित्रं दप्तरात सापडली. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती, त्यांना साठ वर्षांनी अल्झायमर कमी झालेला आढळला! या अभ्यासातल्या सिस्टर मेरी 101 व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या, मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या.

मॅनकेटोच्या टेकडीवरचं ते जुनं मोठं घरही आता सिस्टर्सनी सोडलं आहे. त्या शाकोपीला, बेनेडिक्टाइन या दुसऱ्या कॅथोलिक परंपरेच्या वृद्धसेवा संस्थेच्या आवारात राहायला गेल्या.

आता पुन्हा ग्रीनफील्डकडे या. अल्झायमरमध्ये सहसा ताज्या आठवणी आधी जातात, बालपणीच्या मागे राहतात. हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना, लहानपणची गाणी फार उशिरापर्यंत टिकतात. मग विचार करा. संस्थापिकेचं चरित्र, संघाचे नियम, म्हणजे एका संघाला दुसऱ्यापासून वेगळं करणारं जे जे काही, ते या बायका विशीच्या आसपास शिकल्या. जपमाळ मात्र त्यांनी आईच्या मांडीवर बसून म्हटली. ती दोन्ही संघांत एकच. मला वाटतं, आजार एकेक थर उतरवत जातो तसा उरतो तो दोन्ही संघांना सामाईक असलेला थर. कोण कुठल्या संघाची हे विसरलेल्या दोघी चर्चमधल्या एकाच मिस्सेला, म्हणजे उपासनेला, बसून तेच शब्द म्हणू शकतात, हे मला अद्भुत वाटतं.

सहजीवनाची किंमतही असते. एकच प्रार्थनाघर, एकच भोजनगृह, आणि कोविडला तेच हवं होतं. 2020 च्या एप्रिलअखेर या घरातल्या सहा सिस्टर्स गेल्या. त्याच डिसेंबरमध्ये जवळच्या एल्म ग्रोव्हमधल्या नोत्र दामच्या घरात एका आठवड्यात आठ जणी गेल्या, त्यांतल्या चार एकाच दिवशी.

तरीही एकटं संपण्यापेक्षा हे बरं. एकटं संपणं कसं असतं ते आपल्या गोव्याने पाहिलं आहे. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा भव्य मठ 1606 मध्ये सुरू झाला. 1834 मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं: आहेत त्या जोगिणींनी राहावं, नव्या घ्यायच्या नाहीत. त्या अवाढव्य इमारतीत एकेक कमी होत गेली आणि शेवटची 1885 मध्ये वारली. हात धरायला दुसरा संघ नव्हता. 1964 पासून त्याच भिंतींच्या आत ‘मातेर देई’ संस्थेत वेगवेगळ्या संघांच्या सिस्टर्स एकत्र शिकतात.

मुंबई, पुणे, नागपूर, वसई, पणजीत अशा सिस्टर्सच्या हाताखाली शिकलेली आपली किती माणसं असतील. तुमच्यापैकी कुणाची बाराखडी किंवा गणित एखाद्या सिस्टरने पक्कं करून घेतलं असेल, तर त्या आता कुठे राहतात ते शाळेत विचारा आणि एकदा भेटून या. त्यांना तुमचं नाव आठवलं नाही, तरी जा.