ओळखीचा हात, अनोळखी मजकूर

मोबाइलवरील गटांत परस्परविश्वास कसा रुजतो, हे पाहण्यासाठी धुळे शहराच्या पांझरा नदीपलीकडील देवपूरसारख्या भागातील एखाद्या कॉलनीचा व्हॉट्सॲप गटही पुरेसा ठरतो. नळाला पाणी केव्हा येणार, वीज किती वेळ जाणार, अशा निरोपांचा खरेखोटेपणा काही तासांतच कळतो आणि ते वारंवार खरे ठरल्याने पाठवणाऱ्याची पत वाढत जाते. मात्र हीच पत त्याने केवळ पुढे पाठवलेल्या, मूळ कर्ता त्यालाही ठाऊक नसलेल्या मजकुराला आपोआप लाभते, आणि अफवेचे खरे बळ याच उसन्या पतीत असते.

या उसन्या पतीचे भीषण परिणाम धुळे जिल्ह्याने भोगले आहेत. मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश सर्वत्र फिरत असताना, १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भिक्षेवर गुजराण करणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले होते. त्यांची ओळख पटवील असा माणूस परक्या मुलखात त्यांना कोठून मिळणार?

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी सामाजिक भांडवलाचे, म्हणजे परस्परविश्वासातून समाजाला मिळणाऱ्या बळाचे, दोन प्रकार मानले आहेत : आपल्यासारख्यांना घट्ट बांधणारे आणि वेगळ्या समूहांना एकमेकांशी जोडणारे. कॉलनी, भाऊबंदकी किंवा गाव यांचे गट पहिल्या प्रकाराला पोसतात. दुसरा प्रकार दुबळा राहिला, तर आतल्यांवरील विश्वास जितका गाढ, तितका बाहेरच्याविषयीचा संशय सहज पेटतो.

राईनपाड्याच्या घटनेनंतर व्हॉट्सॲपने त्याच जुलै महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास आरंभ केला, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा जाहीर केली आणि २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. या उपायांनी वेग मंदावतो, परंतु सत्यासत्य ठरत नाही; कारण संदेश कूटबद्ध, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील असे, असल्याने कंपनीलाही त्यांतील मजकूर दिसत नाही. म्हणून तपासणीचा भार सदस्यांवरच येतो. पाण्याची वेळ सांगणाऱ्या शेजाऱ्याने ती नगरसेवकाकडून कळली की वॉलमनकडून, हे जसे सहज विचारले जाते, तसेच मुले पळवल्याची वार्ता त्याला कोठून कळली हेही विचारता आले पाहिजे, आणि त्या प्रश्नाने शेजाऱ्याला आपला अपमान झाला असे वाटता कामा नये.