बोंबलाची ‘डाक’ आणली कुणी?

परवा परळच्या एका उपाहारगृहात मेन्यूकार्डाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ती पुन्हा भेटली. त्याआधी गिरगावात पाहुण्यांना वाड्या दाखवत फिरणाऱ्या एका गाइडच्या तोंडून ऐकली होती. व्हॉट्सॲपवर तर ती वारी केल्यासारखी दरवर्षी येते. गोष्ट अशी: इंग्रजांच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या मेलगाडीतून सुके बोंबील जायचे. टपालाच्या थैल्यांना त्यांचा वास लागायचा. कलकत्त्याचे साहेब नाकाला रुमाल लावून म्हणायचे, ‘आली बॉम्बे डाक!’ पुढे ‘डाक’चं झालं ‘डक’, आणि बोंबलाचं इंग्रजी नाव पडलं ‘बॉम्बे डक’.

गोष्ट फक्कड आहे, पण साफ खोटी.

आधी तारखा पाहू. मुंबईची पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटली आणि ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला थांबली. कलकत्त्यापर्यंत सलग रूळ जोडले जायला १८७० साल उजाडलं. आणि ‘बॉम्बे डक’ हा शब्दप्रयोग? ऑक्सफर्डचा मोठा कोश तो निदान १८५० पर्यंत मागे नेतो. म्हणजे गाडी सुटण्याआधीच तिचा वास कलकत्त्याला पोचला होता म्हणायचं!

त्याहून जुना पुरावा ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये आहे. हेन्री यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली काढलेला हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश. त्यात ‘डक्स’ अशी एक नोंद आहे: मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना इतर इलाख्यांतले गोरे गमतीने ‘डक्स’, म्हणजे बदकं, म्हणत. मद्रासवाल्यांना ‘मल्स’, बंगालवाल्यांना ‘क्वी-हाय’ (‘कोई है?’ अशी हाक मारायची सवय, म्हणून). या ‘डक्स’चा दाखला म्हणून कोशाने १८०३ सालचं एल्फिन्स्टनचं वाक्य दिलंय. हा तोच, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. माणसांचं हे टोपणनाव त्या माशावरूनच आलेलं दिसतं, असं कोशकारांचं मत. ते धरलं तर माशाचं नाव १८०३ च्याही आधीचं ठरतं, आगगाडीच्या पन्नास वर्षं आधीचं.

एवढं सांगितलं तरी समोरचा हार मानत नाही. ‘बरं, रेल्वे नसेल, पण डाक होतीच ना? रॉबर्ट क्लाइव्हनेच ते नाव ठेवलं म्हणे, मुंबईहून येणाऱ्या टपालाच्या वासावरून.’ क्लाइव्ह १७७४ मध्ये वारला, तेव्हा निदान हा कथाकार तरी आगगाडी सोडून चालत निघाला, हे कौतुकाचं. पण इथे कान आडवा येतो. ‘डाक’ हा शब्द इंग्रज लिहीत कसे? ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये तो ‘डॉक’ असा सापडतो, ‘हॉक’, ‘लॉ’ या शब्दांतला लांब स्वर घेऊन. डाकबंगल्यालाही ते ‘डॉक बंगलो’ लिहीत. शब्द असा घोळवून म्हणणारा साहेब फक्त माशाच्या बाबतीत तो आखडून ‘डक’ का करेल? शिवाय बंगालच्या किनाऱ्यावर हाच मासा मुबलक मिळतो, तिथे त्याला ‘लोइट्टा’ म्हणतात. त्याचा वास मुंबईहून मागवायची गरज कलकत्त्याला नव्हती.

मग ‘डक’ आलं कुठून? कोशकार इथे ठाम बोलत नाहीत, आणि मला ते आवडतं. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वस्त खाण्याला भारी मांसाचं नाव द्यायची खोड इंग्रजांना जुनीच. टोस्टवर वितळलेलं चीज घातलं की ते ‘वेल्श रॅबिट’, त्यात ससा औषधालाही नसतो. यार्मथच्या धुरावलेल्या हेरिंग माशाला ‘यार्मथ कॅपन’, म्हणजे खच्ची केलेला कोंबडा. त्या पंगतीत खारवून वाळवलेला बोंबील बदक म्हणून बसला तर नवल नाही.

आता माझी खरी चीड. याच माशाला इंग्रजीत दुसरंही नाव आहे: ‘बमलो’. त्याचा उगम शोधताना कोश बोट दाखवतात ते मराठी ‘बोंबील’कडे. वेसाव्यात, अर्नाळ्यात वलांडीवर, म्हणजे बांबूच्या उंच मांडवावर, जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणींचा शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला. तो कुठल्याच गाइडला सांगावासा वाटत नाही. साहेबाचं नाक मात्र सगळ्यांना पाठ.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतली केबिन, असं बॅलार्ड पिअरवर सांगतात. पण तशी अक्षरं छापलेलं एकही पी अँड ओ कंपनीचं तिकीट आजवर कुणी दाखवलेलं नाही. ‘बॉम्बे’ म्हणजे पोर्तुगीज ‘बॉम बाइया’, चांगली खाडी? पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ स्त्रीलिंगी आहे, ती ‘बोआ’ होईल, ‘बॉम’ नाही. आणि पोर्तुगीज स्वतः लिहीत होते ‘बोंबाइम’. ‘डुलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला, हे मात्र थाप वाटलं तरी खरं आहे. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने अडकून पडत.

तेव्हा मेन्यूकार्ड छापणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या खेपेला त्या चौकटीतली डाक काढा. तिथे ‘बोंबील, म्हणून बमलो’ एवढंच छापा. आणि जागा उरलीच, तर रवा लावून तळलेल्याचा भाव जरा ठळक अक्षरात द्या, चष्मा लावूनही दिसत नाही.