क्रॉसहेअर हीरो: खोक्यावर छापलेलं आणि न छापलेलं

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७००० मालिका बाजारात आणली, तेव्हा त्यातल्या सर्वांत वरच्या ७९५०एक्स प्रोसेसरची किंमत ६९९ डॉलर होती. असूसचा ‘आरओजी क्रॉसहेअर एक्स६७०ई हीरो’ हा मदरबोर्डही जवळपास त्याच किमतीला निघाला. प्रोसेसरला जेवढे पैसे मोजायचे, तेवढेच तो बसवायच्या बोर्डालाही! हा बोर्ड नेमकं काय देतो, हे तपासून बघण्यासारखं आहे.

खोक्यावर सगळ्यांत ठळक असतो तो आकडा १८ + २. प्रोसेसरला वीज पुरवणारे हे पॉवर स्टेज, प्रत्येकी ११० अँपिअर क्षमतेचे. नुसत्या अठरांचा गुणाकार केला तरी १,९८० अँपिअर होतात. आता ७९५०एक्स बघा: मूळ सेटिंगवर तो सॉकेटमधून २३० वॉटच्या वर जात नाही आणि क्षणिक प्रवाहाची त्याची मर्यादा २२५ अँपिअर आहे. म्हणजे क्षमता गरजेच्या जवळजवळ नऊपट आहे. तरीही ती अगदीच वाया जाते असं नाही. भार अठरा ठिकाणी वाटला गेल्यामुळे एकेका स्टेजच्या वाट्याला बारा-तेरा अँपिअर येतात आणि वरच्या जाड हीटसिंकला फारसं काम उरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात एसीविना रात्रभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला याचं मोल आहे. नुसतं गेमिंग करणाऱ्याला निम्मे स्टेजही भरपूर झाले.

खरी परीक्षा पुढे, लेनच्या हिशेबात. या बोर्डाच्या एएम५ सॉकेटमध्ये बसणारा प्रोसेसर वापरायला चोवीस पीसीआयई ५.० लेन देतो. हीरोवर त्यातल्या सोळा ग्राफिक्स कार्डाच्या दोन लांब स्लॉटांकडे जातात आणि चार-चार दोन एम.२ स्लॉटांना मिळतात. बाकीचा सगळा संसार चिपसेटच्या गळ्यात: उरलेले दोन एम.२, साटा पोर्ट, वाय-फाय, २.५ गिगाबिटचं नेटवर्क, बहुतेक यूएसबी. एक्स६७०ई हा चिपसेट म्हणजे ‘प्रोमोन्टरी २१’ नावाच्या दोन सारख्या चिप, एकीमागे एक जोडलेल्या. पहिल्या चिपकडून प्रोसेसरकडे जाणारा रस्ता मात्र पीसीआयई ४.० च्या फक्त चार लेनचा, सेकंदाला साधारण आठ गिगाबाइटचा. एक्सप्रेसवेची सगळी वाहतूक एकेरी घाटात सोडावी, तसा हा मामला. चौथ्या पिढीची चांगली एसएसडी एकटीच सात गिगाबाइटपर्यंत पळते. खालच्या दोन्ही एम.२ स्लॉटांत तशा दोन लावून एकदम वाचायला घेतल्या, की एकीला थांबावंच लागतं.

पाचव्या एसएसडीसाठी खोक्यात वेगळं कार्ड मिळतं. ते दुसऱ्या लांब स्लॉटात बसवलं, की ग्राफिक्स कार्डाच्या लेन सोळावरून आठवर येतात. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलेलं आहे, पण विकत घेण्याआधी मॅन्युअल वाचतो कोण!

रॅमच्या चार स्लॉटांचंही तसंच. डीडीआर५ च्या दोन पट्ट्या लावल्या तर रायझन ७००० चा अधिकृत वेग ५२००, आणि बायोसमधलं एक्स्पो हे रॅमचा वेग वाढवणारं प्रोफाइल चालू करून ६००० सहज मिळतो. चारही स्लॉट भरले, की अधिकृत वेग थेट ३६०० वर उतरतो. ही मर्यादा प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरची आहे, त्यामुळे महागड्या बोर्डापाशीही तिच्यावर रामबाण उपाय नाही. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात, १६ च्या चार नकोत.

आवाजासाठी ईएसएसचा डॅक आहे आणि मागे ४० गिगाबिटचे दोन यूएसबी४ पोर्ट आहेत. बाह्य ड्राइव्हवर रोज काम करणाऱ्यांना या पोर्टांचा उपयोग होईल. लायटिंगबद्दल न बोललेलं बरं.

माझ्या मते पैसे वसूल करतो तो कोपऱ्यातला दोन अंकी छोटा डिस्प्ले. नवं मशीन जोडून पहिल्यांदा बटण दाबलं, की पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते आणि मिनिटं जात राहतात. स्वस्त बोर्डावर माणूस इथेच घाबरून स्विच बंद करतो. हीरोवर ‘१५’ दिसतं, म्हणजे मेमरी ट्रेनिंग चालू आहे, हात लावू नका. मागचं बायोस फ्लॅशबॅकचं बटणही असंच कामाचं, कारण प्रोसेसर न बसवता नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतं.

आणि बायोसचं महत्त्व २०२३ च्या वसंतात सगळ्यांनाच कळलं. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला जास्त व्होल्टेज देत होते आणि काही ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाले. त्यानंतर एएमडीने बायोसमधूनच १.३ व्होल्टची मर्यादा घातली. पॉवर स्टेज कितीही असोत, आकडा ठरवणारं सॉफ्टवेअरच चुकलं तर त्यांचा काही उपयोग नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असा बोर्ड उचलणार असाल, तर काउंटरवरच सॉकेटचं प्लॅस्टिकचं झाकण काढून आतल्या १,७१८ पिना उजेडात तिरक्या धरून बघा. एएम४ पर्यंत पिना प्रोसेसरला असत, आता त्या बोर्डावर आहेत, आणि वाकलेली पिन सहसा वॉरंटीत बसत नाही. ते झाकण फेकूनही देऊ नका, बोर्ड सर्व्हिसला परत पाठवताना ते मागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्स८७०ई बोर्डांवरही त्याच दोन प्रोमोन्टरी २१ चिप आहेत. तेव्हा हीरो आधीच घरात असेल, तर ९००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट करा आणि बोर्ड तोच ठेवा.