तबकडी फिरते, पण गात नाही

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरात पत्र्याखालच्या माळ्यावर जुना पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर सापडला, तबकडी फिरली, पण आवाज आला नाही, तर मोटार खोलू नका. आधी सुईमागचं कार्ट्रिज तपासा.

जुन्या अनेक कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असे. सुई खाचेत थरथरली की तो वाकतो आणि त्यातून वीज निर्माण होते. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिलेला हाच तो दाबविद्युत परिणाम. पण हा स्फटिक दमट हवेत विरघळतो, आणि सुमारे 55 अंशांना त्यातलं पाणी सुटून तो कायमचा निकामी होतो. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा 45 वर जातो. पत्र्याखाली काय होत असेल! मेलेला स्फटिक दुरुस्त होत नाही. त्याजागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवावं, ते उष्णता सोसतं.

वेग तपासणं सोपं आहे. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा. एलपीच्या वेगावर 3 मिनिटांत 100 फेरे व्हायला हवेत. कमी भरले, तर रबरी पट्टा सैल झालाय, चाक कडक झालंय किंवा वंगण घट्ट झालंय.

वेगाच्या खटक्यावर 78 असेल, तर सुईही पाहा. 78 च्या लाखेच्या तबकडीला सुमारे 75 मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीला जेमतेम 25. चुकीच्या किंवा झिजलेल्या सुईखाली घरातली दुर्मीळ तबकडी कृपया ठेवू नका. खरवडलेली खाच पुन्हा भरून येत नाही.