मागे वळून पाहू नकोस

रात्रीची जेवणे आटोपली, की आई परीकथांचे पुस्तक घेऊन बसते आणि मूल तिला खेटून बसते. पुस्तकात बोलणारी झाडे असतात, उडणारे गालिचे असतात, आणि हटकून एखादी अट असते. ग्रीक लोकांच्या कथेतील ऑर्फियस आपल्या मृत पत्नीला गाण्याच्या बळावर पाताळातून परत मिळवतो. मात्र उजेडात येईपर्यंत त्याने मागे वळून पाहावयाचे नसते.

शिरपूरचे मूल येथे आईला थांबवून म्हणेल, "ही तर आपल्या गावची गोष्ट!" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हे.

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर हे जैनांचे प्राचीन तीर्थक्षेत्र. येथील पार्श्वनाथांना 'अंतरिक्ष' म्हणतात. अंतरिक्ष म्हणजे आकाश. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात या तीर्थाची हकिगत लिहून ठेवली. कथा अशी, की श्रीपाल राजाचा असाध्य रोग एका जलाशयाच्या पाण्याने बरा झाला. त्याच पाण्यातील मूर्ती गाडीत घालून तो आपल्या नगराकडे निघाला. मागे पाहू नकोस, अशी त्याला आज्ञा होती. पण गाडीला भारच जाणवेना! देव येत आहेत ना, या शंकेने राजाने मान वळवली. मूर्ती तेथेच आकाशात थांबली.

ओडिशातील साक्षीगोपाळाची कथाही याच वळणाची. भक्तामागून देव चालत येतात. त्यांच्या पैंजणांचा नाद भक्ताला ऐकू येत असतो. वाटेत वाळू लागते, नाद बंद होतो, आणि भक्त वळून पाहतो.

ग्रीस कोठे, ओडिशा कोठे, वऱ्हाड कोठे! तरी तिन्ही ठिकाणी माणूस उद्धटपणाने आज्ञा मोडत नाही. मागचे आपले माणूस, आपला देव हरवला तर नाही ना, ही काळजी त्याला वळावयास लावते. कथा सांगणारे हे ओळखून असतात. म्हणूनच गाडी हलकी होते, पैंजण मुके होतात. जाणती आईही नेमकी याच जागी क्षणभर वाचायची थांबते.

"राजाने कशाला पाहिले? मी नसते पाहिले!" मूल रागावून म्हणते. आणि आईचे लक्ष नाही असे पाहून हळूच पुढचे पान उलटून बघते.