कागद जमीन देतो, हक देत नाही
खानदेश आणि अमेरिका : एका कापसाच्या दोन कहाण्या

१८६१ साली अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे अडवली गेली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. खानदेशच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. त्याच दशकात आपल्याकडे रेल्वे आली आणि जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. हातमागावर विणणाऱ्या मोमिनांना मात्र ही तेजी जाचलीच, कारण कापूस महागला की सूत महागते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला.

एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. पण तो कापूस ज्या जमिनीवर पिकत होता, ती जमीन कोणाची होती? हा प्रश्न अमेरिकेलाही विचारायला हवा आणि खानदेशलाही.

न विचारता विकलेली जमीन

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अवाढव्य प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला. देशाचा आकार एका खरेदीखताने जवळपास दुप्पट झाला. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना ना विकणाऱ्याने विचारले, ना घेणाऱ्याने. पुढे १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा झाला. चेरोकी लोकांपैकी मूठभरांच्या सह्या घेऊन १८३५ मध्ये तह केला गेला आणि १८३८ मध्ये सगळ्या जमातीला सैन्याच्या पहाऱ्यात हुसकावले. त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसे मेली असे मानले जाते.

दक्षिणेत अशा रिकाम्या केलेल्या जमिनींवर कापूस लावला गेला आणि तो वेचायला गुलाम आणले गेले. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गुलाम होते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांत मुसलमानही होते. पश्चिम आफ्रिकेतील फुता जालोनच्या राजघराण्यातले अब्दुर्रहमान इब्राहिम हे त्यांपैकी एक. मिसिसिपीतील नॅचेझ इथल्या मळ्यावर त्यांनी सुमारे चाळीस वर्षे गुलामीत काढली. १८२८ मध्ये सुटका झाली आणि पुढच्याच वर्षी, आपल्या मुलुखात पोहोचण्याआधीच, त्यांचे निधन झाले. उमर इब्न सईद या दुसऱ्या गुलामाने १८३१ मध्ये आपली जीवनकथा अरबीत लिहून ठेवली. ती आजही जपलेली आहे.

पश्चिमेकडे जिंकलेल्या नव्या मुलुखात गुलामी चालू द्यायची की नाही, यावरूनच उत्तर आणि दक्षिणेचे भांडण विकोपाला गेले. जमीन वाढत गेली, तसा घरातला कलहही वाढत गेला.

आपल्या मातीत

आता खानदेशकडे वळू. सुरुवात आपल्यापासूनच करायला हवी, कारण इन्साफ दुसऱ्याच्या दारातून सुरू होत नसतो. तापीकाठचे थाळनेर ही फारुकी घराण्याची पहिली राजधानी. मलिक राजाला ही जहागीर १३७० मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून मिळाली. पुढे त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला. इतिहासकार फरिश्ता सांगतो की, आपल्या कुटुंबाला आसरा हवा असे सांगून त्याने पालख्या गडावर पाठवल्या. त्या पालख्यांत हत्यारबंद शिपाई होते, आणि विश्वास ठेवणारा आसा अहिर मारला गेला. हकिकत किती खरी, यावर वाद होऊ शकतो. पण ती सांगणारा इतिहासकार मुसलमान आहे, आणि त्याने ती लपवली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच थाळनेरवर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज फौज चालून आली. किल्ल्यातली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फासावर लटकवले. त्याच वर्षी खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला ठाणे करून शहर वसवले. फरिश्ताचा इंग्रजी तर्जुमा करणारे हेच ते ब्रिग्ज.

सातपुड्यातले भिल्ल मात्र सहज नमले नाहीत. तेव्हा एका हाताने तगाई आणि जमीन, दुसऱ्या हाताने फौज असे धोरण आले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव. १८५२ मध्ये जमिनीची मोजणी सुरू झाली, तेव्हा सावदा, फैजपूर, चोपडा, एरंडोल या भागात शेतकरीच उठले. सारा वाढेल, ही त्यांची धास्ती होती. ते आंदोलन फौजेने मोडले. १८५७ च्या उठावात सेंधवा घाटाची राखण करणारे खाज्या नाईक भिल्लांचे पुढारी झाले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली. त्यांच्या बाजूने भिल्लांबरोबर मकराणीही लढले.

लढाईने जे गेले, त्याहून जास्त नंतर कागदाने गेले. मोजणी झाली, जमिनीला नंबर पडला, सारा रोकडीत ठरला. ज्याला वाचता येत नव्हते त्याचा अंगठा उमटला आणि शेत गहाण पडले. कसणारा आपल्याच शेतात सालदार झाला. हा अन्याय स्वातंत्र्यानंतरही थांबला नाही, म्हणूनच १९७२ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली आदिवासी उभे राहिले.

दीन काय सांगतो

अमेरिकेत खरेदीखत, तह आणि कायदा होता. खानदेशात मोजणी, गहाणखत आणि कोर्टाचा हुकूम होता. दोन्हीकडे कागद पक्का होता. प्रेषितांची (स.) शिकवण मात्र स्पष्ट आहे. वीतभर जमीन जुलमाने बळकावली, तरी कयामतीच्या दिवशी तिचा बोजा सात जमिनींसह गळ्यात पडेल. आणि बोलण्यात चतुर असलेल्या पक्षकाराच्या बाजूने निकाल लागला, म्हणून दुसऱ्याचा हक त्याला हलाल होत नाही. तो आगीचा तुकडाच ठरतो. दुसऱ्याचा हक बुडवून अंगठा घेतलेला सातबारा तलाठ्यासमोर चालेल, अल्लाहच्या दरबारात चालणार नाही.

हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे. यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल आपले दीनी भाऊ आहेत आणि कायद्याने अनुसूचित जमातीत आहेत. धर्मामुळे हा दर्जा जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर सरकारी पूर्वपरवानगी लागते. १९७४ चा कायदा हातातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा दावा मान्य केला. हे अधिकार ठाऊक नसले की जमीन जाते, आणि घेणारा कधी कधी आपल्यातलाच असतो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. जमीन घेण्यापूर्वी सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार पाहावेत आणि मूळ मालक कोण होता हे विचारावे. गावातल्या तडवी कुटुंबाला दाव्याचा अर्ज लिहायला शिकलेल्या मुलामुलींनी मदत करावी. आणि वडिलांच्या वारसात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी स्वतःला विचारावे की ती खुशीने देते आहे, की माहेर तुटेल या भीतीने?

जमीन अल्लाहची आहे आणि आपण तिचे अमानतदार आहोत. दुसऱ्याच्या हकाचा एक तासही आपल्या शेतात येऊ नये, आणि आलाच असेल तर तो परत करण्याची हिंमत आपल्याला मिळो. आमीन.