धुराची गळती : फट लहान, धोका मोठा

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके दोन पातळ्यांवर वसलेले आहेत. खाली पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा कापसाचा सपाट प्रदेश, तर वर अजिंठ्याच्या डोंगररांगांवरील बुलढाणा, चिखली, मेहकर हा पठाराचा भाग. या दोहोंना जोडणारे राजूर घाट व बोथा घाट चढताना प्रत्येक वाहनाच्या इंजिनाची परीक्षा होते. जालंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० साली खास कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. आज शेतमालाचा मोठा भार ट्रॅक्टर, जीप आणि मालमोटारी वाहतात. या वाहनांची निगा हा म्हणूनच केवळ वाहनमालकाचा खासगी प्रश्न राहिलेला नाही. या निगेतील एका दुर्लक्षित बाबीची, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या गळतीची, माहिती येथे देण्याचा उद्देश आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका भाड्याच्या जीपमधून बोथा घाटातून प्रवास करीत होता. थंडीमुळे काचा बंद होत्या. घाट संपेपर्यंत मागे बसलेली दोन मुले पेंगू लागली, एका वृद्धेला मळमळू लागले आणि सर्वांचेच डोके जड झाले. 'गाडी लागली' असे सर्वांनी गृहीत धरले. चहासाठी गाडी थांबली तेव्हा चालकाने सहज सांगितले, "आठ दिवसांपूर्वी नवा हेडर बसवला, तेव्हापासून जरा टकटक आवाज येतो." तो आवाज म्हणजेच धोक्याची सूचना होती. काचा उघड्या ठेवून पुढचा प्रवास झाला आणि सर्वांना बरे वाटू लागले.

गळती का होते?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. हे सर्व वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी देऊन त्या पुढे एकत्र जोडल्या, की त्यास हेडर म्हणतात. धूर सुलभ रीतीने बाहेर पडावा म्हणून, किंवा मूळ मॅनिफोल्ड तडकल्यामुळे, अनेक जण हेडर बसवितात. इंजिनाचे हेड आणि हेडरची पट्टी, म्हणजेच फ्लँज, यांच्यामध्ये गॅस्केट असते. आपले कारागीर त्याला 'पॅकिंग' म्हणतात. बहुतेक गळती याच सांध्यातून होते.

याचे मूळ उष्णतेत आहे. पूर्ण भाराखाली पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी धुराचे तापमान ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. डिझेल इंजिनात ते सामान्यतः त्याहून कमी असते. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला, तर तो सुमारे पावणेतीन मिलिमीटरने लांबतो. पाण्याने थंड राहणारे हेड मात्र त्या मानाने फारच थोडे प्रसरण पावते. म्हणजे दर वेळी इंजिन तापते व निवते, तेव्हा हे दोन भाग एकमेकांवर घासत सरकतात. त्यातच फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेली असेल, जुन्या पॅकिंगचे कण चिकटून राहिले असतील किंवा एखादा बोल्ट कमी आवळला गेला असेल, तर फट पडण्यास वेळ लागत नाही. गरम वायू त्या फटीतून सतत वाहिल्याने पॅकिंग जळते आणि फट रुंदावत जाते.

धोका कोणता?

पहिला धोका जिवाचा आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो व शरीराचा प्राणवायू तोडतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि झोप ही त्याची लक्षणे. पेट्रोल व गॅसवरील इंजिनात हा वायू अधिक निर्माण होतो. परंतु डिझेलचा धूरही निरुपद्रवी नाही. २०२२ पासून खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून वाहने काचा बंद करून तासन्‌तास धावतात. अशा प्रवासात चालकाची पेंग ही केवळ थकव्याची आहे, असे समजणे धोक्याचे ठरेल.

दुसरा धोका आगीचा. सांध्यातून सुटणारा तप्त वायू जवळच्या वायरी व इंधननळीवर सतत आदळतो. मळणीच्या हंगामात सोयाबीनचे भुसकट आणि कापसाचे तंतू इंजिनावर साचलेले असतात; त्यांना पेट घेण्यास एक ठिणगी पुरते. जिनिंगच्या आवारात किंवा खळ्यावर लागलेली आग वर्षभराचे कष्ट काही मिनिटांत भस्मसात करते.

तिसरा तोटा खर्चाचा. सांध्यातील दाब क्षणभर कमी होतो, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. आधुनिक पेट्रोल वाहनातील ऑक्सिजन सेन्सरची त्यामुळे दिशाभूल होऊन इंजिनाला विनाकारण अधिक इंधन मिळते. टर्बो असलेल्या डिझेल वाहनात टर्बोच्या आधीच दाब निसटल्याने घाटात ओढ कमी पडते.

बसविताना घ्यावयाची काळजी

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे व बॅटरीची ऋण तार सोडावी. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल सोडावे. घाईने जोर लावल्यास स्टड हेडमध्ये तुटतो आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

२. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढावा. हेड ॲल्युमिनियमचे असल्यास त्यावर ओरखडे उमटू देऊ नयेत. फटीत चिंधी कोंबून ठेवावी, म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये जाणार नाही. बसविण्यापूर्वी ती काढण्यास विसरू नये.

३. नव्या हेडरची फ्लँज सरळ पोलादी पट्टी व फिलर गेजने तपासावी. नवी वस्तू सरळच असेल, असे गृहीत धरू नये. ती वाकलेली आढळल्यास लेथच्या कारखान्यातून सपाट करून घ्यावी. बोल्टच्या जोरावर वाकडी फ्लँज सरळ होत नाही.

४. पॅकिंग नवेच वापरावे. ते आधी कोरडे लावून सर्व छिद्रे जुळतात ना, आणि धुराच्या वाटेत त्याची कड येत नाही ना, हे पाहावे. या सांध्यावर साधा सिलिकॉन लेप लावू नये. तो जळून जातो.

५. सर्व बोल्ट प्रथम हातानेच फिरवून बसवावेत. मग मध्यापासून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. एकच बोल्ट एकदम पूर्ण आवळल्यास दुसरे टोक उचलले जाते.

६. सायलेन्सरचे वजन हेडरवर लोंबकळत ठेवू नये. त्याला स्वतंत्र आधार व रबरी टांगणी द्यावी. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सांधा सुटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

७. इंजिन चालवून तापू द्यावे, पुन्हा पूर्ण निवू द्यावे आणि बोल्ट परत तपासावेत. काही दिवसांच्या वापरानंतर हेच पुन्हा करावे. आपल्याकडे नेमकी हीच पायरी गाळली जाते.

गळती कशी ओळखावी?

सकाळी थंड इंजिन सुरू करताच टकटक ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावून ती थांबते. म्हणूनच 'गरम झाल्यावर आवाज जातो' हे समाधान फसवे आहे. सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टा दिसणे हीदेखील खूण होय. खात्री करण्यासाठी थंड, बंद इंजिनाच्या सायलेन्सरमधून ब्लोअरने सौम्य हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळतीची जागा दाखवितात. चालू इंजिनाची तपासणी मोकळ्या हवेतच करावी, बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर आवश्यक आहे, आणि प्रवासी वाहनात धूर आत शिरणार नाही व आग लागणार नाही अशा रीतीने धूरनळी बसविणे बंधनकारक आहे. उत्प्रेरक यंत्रणा काढून टाकणारा हेडर प्रदूषणाच्या मर्यादांचा भंग करतो. बदल करण्यापूर्वी बुलढाणा येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे ठरेल.

पॅकिंगची किंमत वाहनाच्या किमतीपुढे नगण्य आहे. ते नीट बसविण्यास लागतो तो एखादा तास. हंगामाच्या घाईत हा तास वाचविण्याचा मोह होतो. परंतु वाहनात मागे बसणारी माणसे बहुधा आपल्याच घरातील असतात, आणि ट्रॉलीतील कापूस आपल्याच शेतातला असतो, याचे भान ठेवले तर तो तास सार्थकी लागल्यावाचून राहणार नाही.